दहा अक्षरांची मर्यादा

फॉक्सप्रो नावाच्या जुन्या डेटाबेसमध्ये रकान्याच्या नावाला दहा अक्षरांहून जास्त जागा मिळत नाही. तीही रोमन अक्षरे. गेल्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी ज्यांनी या डेटाबेसवर दुकानांचे हिशेब बसवले, त्यांना गिऱ्हाइके, गावे, उधारी, व्याज, सवलत हे सगळे दहा-दहा अक्षरांत कोंबावे लागले. ती अक्षरे कोणत्या भाषेतली, याच्याशी यंत्राला कर्तव्य नव्हते. लिहिणारा ज्या भाषेत विचार करत असे, त्या भाषेची ती असत.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात, मला झाशीत अनुवादाचे एक काम मिळाले. खते, बियाणे, पंप आणि पाइप विकणाऱ्या एका जुन्या घाऊक दुकानाचे ते काम होते. दुकानाची उधारी १९९६ पासून एका फॉक्सप्रो प्रोग्रॅमवर चालत होती आणि तो ज्यांनी लिहिला ते झाशीचे मराठी गृहस्थ होते. एका कारखान्याच्या हिशेब विभागात दिवसभर नोकरी करून संध्याकाळी शहरातल्या पाच-सहा दुकानांना ते असे प्रोग्रॅम लिहून देत. मुले पुण्यात स्थिरावल्यावर तेही पुण्याला गेले. मागे राहिला तो रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी नावांनी भरलेला कोड. नवे सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या ग्वाल्हेरच्या कंपनीच्या मुलांना त्यातले निम्मे शब्द कळेनात. गणपती मंदिरातल्या ओळखीतून कोणीतरी माझे नाव सांगितले. तौलनिक साहित्यात एम.ए. केलेल्या बाईला कधी डेटाबेसचे रकाने भाषांतरित करावे लागतील, असे आमच्या अभ्यासक्रमाने सुचवले नव्हते. पण झाशीत मराठी-हिंदी अनुवादकाला काम निवडायची फारशी मुभा नसते. न्यायालयातली जुनी खरेदीखते, लग्नाच्या पत्रिका, एखादे आत्मचरित्र, जे येईल ते मी घेते. हेही घेतले.

फॉक्सप्रो ही आता कोणाचीच नसलेली भाषा आहे. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली, २००४ मध्ये तिची शेवटची मोठी आवृत्ती काढली, २००७ मध्ये यापुढे नवी आवृत्ती येणार नाही असे जाहीर केले आणि २०१५ च्या जानेवारीत आधारही काढून घेतला. दुकानातली आवृत्ती तर त्याही आधीची, डॉसवर चालणारी. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, माउस नाही, सगळी कामे एफ-दोन, एफ-पाच अशा बटनांनी. मुनीमजींची बोटे त्या बटनांवर अशी फिरत की पडदा बदलेपर्यंत ते पुढचे बटन दाबूनही मोकळे होत.

अडचण प्रोग्रॅमची नव्हती, त्याच्या भोवतालची होती. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला तेव्हा जुन्या प्रोग्रॅममध्ये तो बसवायला माणूस मिळाला नाही. म्हणून बिले एका नव्या पॅकेजमध्ये आणि उधारी जुन्यात, अशी दुहेरी नोंद सुरू झाली. डॉसचे प्रोग्रॅम चौसष्ट बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाहीत, म्हणून बत्तीस बिटांचा एक संगणक जपून ठेवला होता. विंडोज दहाचा आधार २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये संपणार होता आणि विंडोज अकरा बत्तीस बिटांत निघालेलीच नाही. त्यात त्या संगणकाचा पंखा घरघरू लागला होता. शेटजी वारल्यावर दुकान सांभाळणाऱ्या त्यांच्या मुलाने ठरवले की आता पुरे. सगळे एका नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचे, हिशेब मोबाइलवर दिसला पाहिजे. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. शहात्तर वर्षांचे मुनीमजी आणि घरघरणारा पंखा यांच्या भरवशावर कोणी किती दिवस दुकान चालवील?

सुदैवाने मूळ कोड शाबूत होता. बहुतेक दुकानांत नुसता चालणारा प्रोग्रॅम उरलेला असतो, तो ज्यातून तयार झाला त्या ओळी लिहिणाऱ्याबरोबर गेलेल्या असतात. इथे त्या गृहस्थांनी जाताना सगळ्या फायली संगणकात एका जागी ठेवल्या होत्या. आणि फॉक्सप्रोची एक चांगली सवय अशी की प्रत्येक डेटा-फाइलच्या सुरुवातीलाच तिच्या रकान्यांची नावे लिहिलेली असतात. पेटी उघडली की आत काय काय आहे त्याची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली, तसे.

कंपनीच्या मुलांनी त्या नावांची आपल्या परीने एक यादी केली होती. बरीचशी बरोबर होती. ‘नाव’, ‘बाकी’, ‘जमा’ हे हिंदी माणसाला कोणी समजावायला नको. ‘मागील’ला त्यांनी ‘माँगी हुई रकम’ केले होते, ते किरकोळ. गावांच्या फाइलमध्ये मात्र एक रकाना होता: डी-यू-एस-एच, मग अधोरेषा, मग जी-ए-व्ही. त्यात फक्त हो किंवा नाही. एका मुलाने तो इंग्रजी ‘ड्यूज’चा चुकलेला उच्चार मानला, दुसऱ्याने ‘दुष्ट गाँव’ वाचून हसून घेतले. अर्थ दोघांनी एकच लावला: बाकी बुडवणारी गावे. त्यामुळे नव्या सॉफ्टवेअरच्या मसुद्यात या गावांसमोर ‘जोखीम’ अशी खूण आली होती आणि तिथल्या गिऱ्हाइकांची उधारीची मर्यादा शून्य झाली होती. गावे एकेचाळीस होती.

तो शब्द ‘दुष्काळ’ होता. दुष्काळी गाव.

बुंदेलखंडात २००४ ते २००८ या काळात पाऊस वर्षामागून वर्ष कसा फिरला नाही, ते इथल्या कोणालाही विचारावे. केंद्राचे पथक येऊन गेले, २००९ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशातल्या सात आणि मध्य प्रदेशातल्या सहा जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर झाले. झाशी त्या सातांतला एक. सरकारी पॅकेज ज्याच्या त्याच्या वाटेने पोचले असेल नसेल. शेटजींनी आपले छोटे पॅकेज आधीच केले होते. ज्या गावात पीक बुडाले त्या गावापुढे ‘हो’ लिहायचे. ‘हो’ असले की त्या वर्षीचे व्याज लागत नसे आणि उधारी पुढच्या हंगामावर जाई. यात धर्मादाय किती आणि धंद्याचे शहाणपण किती, ते मला सांगता येणार नाही. बुडालेल्या शेतकऱ्याला व्याज लावले तर तो पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जातो, हेही खरेच. पण सवलतीची यादी भाषांतरात काळी यादी झाली होती, आणि जोवर ती कोणी मराठीत वाचली नव्हती तोवर तिच्यात काही चूक आहे असे कोणालाच वाटले नव्हते. नवे सॉफ्टवेअर बिनतक्रार चालले असते. एखाद्या गावचा माणूस पेरणीच्या तोंडावर बियाणे घ्यायला आला असता आणि काउंटरवरचा मुलगा पडद्याकडे बघून म्हणाला असता, “सिस्टम मना कर रहा है.”

दुसरा शब्द ‘अकती’. ए-के-टी-आय. मुलांनी त्याला ‘ॲक्टिव्ह’ ठरवले होते; फक्त चालू खाते आहे की नाही हे सांगणाऱ्या रकान्यात तारखा का, हे कोडे त्यांना सुटत नव्हते. वर तीस तारखांची एक स्वतंत्र फाइलही होती, १९९६ पासून २०२५ पर्यंत, दरसाल एक. एप्रिल-मेमधली, पण कधी २२ एप्रिल, कधी १० मे. हा शब्द मराठी कोशात सापडणार नाही. अक्षय्य तृतीयेला बुंदेलीत अकती म्हणतात. इथल्या मराठी घरांतही आम्ही अकतीच म्हणतो. पुण्याच्या पाहुण्यांपुढे जीभ सावरून अक्षय्य तृतीया म्हणतो. रब्बीचा माल बाजारात जाऊन शेतकऱ्याच्या हातात पैसा आलेला असतो तो या सुमाराला. दुकानाचा रिवाज असा की पेरणीला नेलेल्या मालावर अकतीपर्यंत व्याज नाही, अकतीनंतर शेकडा दीड रुपया महिना. तिथी चांद्र पंचांगाची, संगणकाला फक्त इंग्रजी तारीख कळते. म्हणून त्या गृहस्थांनी तीस वर्षांच्या तारखा पंचांगातून काढून एका फाइलीत भरून ठेवल्या. ३० एप्रिल २०२५ ही त्यातली शेवटची. पुढच्या वर्षी प्रोग्रॅमला अकती सापडलीच नसती. पंखा सुधारला असता तरी हा प्रोग्रॅम तिथे थांबला असता, आणि का थांबला ते ग्वाल्हेरच्या कोणाला कळले नसते.

संगणकाच्या जगात माणसे मिळत नाहीत असे म्हणतात तेव्हा नेमके काय मिळत नाही, ते मला या दोन शब्दांनी दाखवले. फॉक्सप्रो शिकायला हुशार मुलाला महिना पुरेल. या मुलांनी ती पंधरवड्यात वाचायला घेतली होती. ओळ काय करते हे त्यांना कळत होते, ती कशासाठी आहे हे कळत नव्हते. व्याकरण येत होते, संदर्भ येत नव्हता. शिवाय त्यांना तो हवाही नव्हता, आणि त्याचा दोष मी त्यांना देत नाही. त्यांच्यातला एक, बहुधा तेवीस-चोवीस वर्षांचा, चहा पिताना मला म्हणाला, “दीदी, इसमें दो साल लगा दूँ तो अगली नौकरी कौन देगा? बायोडेटा में फॉक्सप्रो लिखूँगा तो लोग समझेंगे पापा का बायोडेटा है.” नव्या इमारतीवर कोनशिला बसते, गळती काढणाऱ्याचे नाव कुठे लावत नाहीत. अनुवादकाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

वास्तविक आपल्या देशाच्या संगणकीकरणाची पायाभरणीच देखभालीने झाली. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून निघून गेली तेव्हा तिची इथली यंत्रे सांभाळण्याचे काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आले. तिचे मूळ नावच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. दुसऱ्याची यंत्रे दुरुस्त करता करता शिकलेल्या या कंपनीने १९८५ मध्ये दिल्लीत रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण सुरू करून दिले. व्हॅक्स यंत्रांवर, फोरट्रान भाषेत. पुढे रेल्वेच्याच क्रिस या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली लिहिली. ती १९९४ मध्ये सिकंदराबादला सुरू झाली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे तिने एकमेकांना जोडली.

झाशीसारख्या जंक्शनच्या गावात याचा अर्थ काय होता ते माझ्या वयाच्या माणसांना आठवत असेल. त्याआधी पंजाब मेलचे मुंबईचे आरक्षण म्हणजे वडील सकाळी डबा घेऊन रांगेत उभे राहणार, बाबू जाडजूड रजिस्टर उघडणार, आणि परतीचे तिकीट मुंबईतल्या मामाने काढायचे, कारण तिथली जागा तिथल्या वहीत. कॉन्सर्ट आली आणि झाशीच्या खिडकीवरून परतीचेही तिकीट मिळू लागले. व्हीएमएस नावाच्या ज्या कार्यप्रणालीवर हे सगळे उभे राहिले, ती १९७७ साली डिजिटल या अमेरिकन कंपनीने काढली. डिजिटल १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीने. पुढे ज्या इटेनियम चिपवर ती चालत होती, त्या चिपची विक्री इंटेलने २०२१ मध्ये थांबवली. घराचे मालक बदलत गेले, भाडेकरू तोच. २०२५ मध्ये रेल्वेने सांगितले की २०१० पासूनची इटेनियम आणि ओपन-व्हीएमएसवरची आरक्षण प्रणाली आता नव्या तंत्रावर नेली जात आहे. मिनिटाला सुमारे पंचवीस हजार तिकिटांऐवजी लाखाहून जास्त निघतील. आपल्या स्टेशनचे नाव २०२१ च्या अखेरीस वीरांगना लक्ष्मीबाई झाले आणि तिकिटावरची ‘जेएचएस’ ही तीन अक्षरेही गेली. प्लॅटफॉर्मवरचा हमाल अजून झाशीच म्हणतो. एवढी मोठी प्रणाली हलवताना ज्यांच्या डोक्यात फोरट्रानमधल्या एखाद्या ‘जर’चे कारण आहे अशी माणसे हाताशी असावीत, असे मी एक प्रवासी म्हणून मनापासून इच्छिते.

कारण नसली तर काय होते, याची उदाहरणे श्रीमंत देशांतही आहेत. २०१८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने आपली सगळी खाती जुन्या प्रणालीवरून नव्यावर एका शनिवार-रविवारी हलवली. डेटा पोचला, पण प्रणाली कोसळली. सुमारे एकोणीस लाख ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. २०२२ मध्ये बँकेला जवळजवळ ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाने लाखोंच्या नोकऱ्या घालवल्या तेव्हा, न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी जाहीर आवाहन केले की कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांनी पुढे यावे, कारण बेकारभत्त्याची प्रणाली चाळीस वर्षांहून जुनी होती. जी भाषा कालबाह्य म्हणून शिकवायची थांबवली, तिच्याच जाणकारांना साद घालायची वेळ आली.

आपल्याकडे हे दृश्य नवे नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि तालुक्यातालुक्यात अधिकाऱ्यांना मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. मोडी ही कारभाराची लिपी. आजच्या शब्दांत सांगायचे तर मराठी राज्याचे बिझनेस सॉफ्टवेअर: जलद लिहिता येणारी, हात न उचलता चालणारी, जमाखर्चासाठी घोटलेली. छापखान्यांना देवनागरी सोयीची वाटली आणि मोडी शाळेतून गेली. कागद मात्र गेले नाहीत, ते कोट्यवधींच्या संख्येने दप्तरांत आहेत. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. म्हणजे यंत्राला ती लिपी येऊ लागली, पण वाचणारी माणसे तेवढ्याने वाढली नाहीत.

या सगळ्यात माझ्या कामाचा कठीण भाग अजून बाकी होता. व्याज मोजणाऱ्या फाइलीत एक ओळ होती: खाते क्रमांक ४१७ असेल तर व्याज शून्य. वर्ष कोणतेही असो, गाव दुष्काळी असो नसो. तिच्या वर, रोमन अक्षरांत, एकच शेरा: “ह्याला हात लावू नये.”

कंपनीच्या मुलांचा सल्ला सरळ होता. नियमांत असा अपवाद बसत नाही, एका खात्यासाठी कोडमध्ये ओळ लिहिणे ही वाईट पद्धत, काढून टाकावी. तरुण मालकालाही त्यात काही वावगे दिसेना. ४१७ वर बरीच बाकी होती, थोडी थोडी फिटत होती, व्याज कधीच लागले नव्हते. मी त्यांना एवढेच म्हणाले की मूळ संहितेत एखादे वाक्य मला कळले नाही तर मी ते गाळत नाही, विचारते. आणि पुण्याचा फोन नंबर मागितला.

फोनवरचा आवाज थकलेला होता, पण कोडची गोष्ट निघताच ताठ झाला. रकान्यांची नावे त्यांना अजून पाठ होती. “दहा अक्षरं पुरत नव्हती हो, नाहीतर सगळं नीट लिहिलं असतं,” असे ते दोनदा म्हणाले. ४१७ विचारल्यावर थोडे थांबले. “कारण मला माहीत नाही. शेटजी संध्याकाळी येऊन शेजारी बसले, म्हणाले, इस खाते पर ब्याज कभी नहीं. मी विचारलं नाही. पण त्यांनी मी ती ओळ लिहून होईपर्यंत खुर्ची सोडली नाही. म्हणून वर शेरा टाकला.”

म्हणजे लिहिणाऱ्यालाही कारण माहीत नव्हते. आपण आज्ञा पाळत आहोत आणि ती आपल्यानंतरही पाळली जावी, एवढेच त्यांनी नोंदवून ठेवले होते.

कारण मुनीमजींना माहीत होते. मी त्यांना विचारले तेव्हा ते पितळी डब्यातली सुपारी कातरत होते. कातरणे थांबवून त्यांनी मालक कुठे आहे ते पाहिले आणि हळू आवाजात सांगितले. १९९८ च्या पावसाळ्यात दुकानाचा एक मिस्त्री विहिरीवर पंप बसवायला गेला आणि विजेच्या धक्क्याने तिथेच गेला. घरी बायको, दोन मुलगे, चार बिघे जमीन. शेटजींनी पैसे देऊ केले, ते तिने घेतले नाहीत. म्हणाली, शेतीचा माल उधार द्या, मुले मोठी झाली की फेडतील. तेव्हापासून ४१७. “भैया को बाबूजी ने नहीं बताया होगा,” मुनीमजी म्हणाले. “बिटिया, ऐसी बात बही में थोड़े ही लिखते हैं.”

बही म्हणजे वही. वहीत लिहीत नाहीत, म्हणून शेटजींनी ती प्रोग्रॅममध्ये लिहवली होती, जिथे ती कोणी वाचणार नव्हते.

तरुण मालकाला हे सांगायचे की नाही, असा प्रश्न माझ्यापुढे नव्हता. अनुवादकाने मजकूर पोचवायचा असतो. मुनीमजींची परवानगी घेऊन मी सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले ते दुसरेच: “मुनीमजी को और क्या-क्या पता है?”

खरा पेच इथे होता. नव्या सॉफ्टवेअरच्या खर्चाचे गणित मुनीमजींच्या पगारावर बसवलेले होते. ते आले की हे जाणार, असे घरात ठरले होते, आणि मुनीमजींना ते कोणी सांगितले नसले तरी माहीत होते. जुने सॉफ्टवेअर बदलताना कंपन्या हाच हिशेब करतात: परवाना किती, यंत्र किती, आणि कमी होणारी माणसे किती. कमी होणाऱ्या माणसाबरोबर काय जाते, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो. आणि दुसऱ्या बाजूने, मुनीमजींना ठेवले म्हणजे प्रश्न सुटला असेही नव्हते. माणूस हा काही कायमचा साठा नाही. शहात्तराव्या वर्षी त्यांनी अजून दहा वर्षे खुर्चीत बसून आपल्या डोक्याची राखण करावी, ही अपेक्षा म्हणजे दुसऱ्या प्रकारचा अन्याय.

मला त्या दिवसांत गोडसे भटजी वारंवार आठवत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते आणि इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा या गावात होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी छापला तो संस्कार करून. वैद्यांनी बदलले, गाळले, आपल्या काळाला रुचेल असे केले. अमृतलाल नागरांचा हिंदी अनुवादही याच आवृत्तीच्या काळातला. म्हणजे झाशीतल्या हिंदी वाचकालाही आपल्या शहराची ही हकिगत गाळून आलेलीच मिळाली. पण मूळ मोडी हस्तलिखित पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले, आणि १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांना त्यावरून मूळ पाठ छापता आला. वैद्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी छापले नसते तर पुस्तक लोकांपर्यंत गेलेच नसते. एकाने नव्या रूपात आणले आणि कोणीतरी जुने टाकून दिले नाही. दोन्ही घडले म्हणून आज आपल्याकडे गोडसे भटजी आहेत.

मी दुकानाला सल्ला दिला तो एवढाच होता, पुस्तकाचा उल्लेख न करता. नवे जरूर आणा. जुन्या सगळ्या फायली, कोडसकट, दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवा. आणि मुनीमजी आहेत तोवर प्रत्येक नियमाचे कारण लिहून घ्या.

ते लिहून घेण्याचे कामही मग माझ्याकडेच आले. पावसाळाभर, आठवड्यातून दोन दुपारी, मुनीमजी बुंदेलीत बोलत, मी हिंदीत लिहीत असे, आणि ग्वाल्हेरचा तो मुलगा त्याचे कंपनीच्या इंग्रजीत करी. एकूण त्रेसष्ट नियम निघाले. त्यातले कोडमध्ये एकोणचाळीसच होते. उरलेले चोवीस मुनीमजी बटने दाबताना स्वतःच पाळत असत: अमुक गावचे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांची बिले एकत्र करू नयेत, तमुक माणूस सही करत नाही, पण शब्द मोडत नाही. अशा गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये घालाव्यात का, यावर आमचा वाद झाला. मुलगा म्हणाला, शेऱ्यांसाठी मोकळा रकाना ठेवतो, हवी तेवढी अक्षरे लिहा. मुनीमजी म्हणाले, सब लिखने की चीज नहीं होती. शेवटी भावांची गोष्ट लिहिली, सहीची लिहिली नाही.

ऑक्टोबरच्या आधी नवे सॉफ्टवेअर सुरू झाले. ‘जोखीम’ची खूण गेली, त्या जागी ‘सूखा राहत’ आले. ४१७ ची ओळ राहिली. आता तिच्यावर हिंदीत दोन वाक्यांचा शेरा आहे आणि खाली मालकाचे नाव. ते लिहायला त्यानेच सांगितले. मुनीमजींना मार्चअखेरपर्यंत ठेवले आहे, नंतरचे ठरलेले नाही. त्यांच्या शेजारी बी.कॉम. झालेली एक मुलगी बसते आणि तिला मुनीमजींपेक्षा निम्मा पगार आहे. हे मला खटकते आणि मी ते बोलूनही दाखवले. फारसा उपयोग झालेला नाही.

अकतीच्या तारखा मुनीमजींनी स्वतः भरल्या. शताब्दी पंचांग मांडीवर घेऊन त्यांनी २०२६ ते २०५५ अशा तीस तारखा वाचल्या, मुलीने टंकल्या, मी ताडून पाहिल्या. शेवटची तारीख भरून झाल्यावर मुलीने विचारले की पंचावन्ननंतर काय. मुनीमजींनी पंचांग मिटून तिच्या टेबलावर ठेवले आणि त्याच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने तिचे नाव लिहिले.